साडेसहा नंबरचा हात

हैदराबाद
२४ ऑक्टोबर २००५

मामा, जयभीम.

पोचल्याचं पत्र आठ दिवसांत टाक असं तुम्ही बजावलं होतं. आज सतरावा दिवस आहे. राग आला असेल तर तो मामीच्या चहाबरोबर आधी संपवा आणि मग पुढे वाचा.

कारखाना शहराबाहेर आहे. इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या भरतात. ज्या खोलीत भरतात तिला क्लीनरूम म्हणतात. मामी म्हणेल, आपल्या घरातल्या खोल्याही रोज झाडतो की आपण. पण या खोलीत झाडू गेला तर खोलीच घाण झाली असं समजतात. आतली हवासुद्धा गाळून घेतलेली. आणि दारातच अडवतात तो कापूस. ओढणी, सुती रुमाल, काही आत चालत नाही, कारण तंतू उडतात. डोक्यापासून पायापर्यंत पॉलिएस्टरचा झगा चढवायचा. दारव्ह्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगांवर लोळून मोठी झालेली तुमची भाची सध्या कापसाला पारखी झाली आहे.

कापसापेक्षा घाण वस्तू इथे एकच मानतात, ती म्हणजे माणसाचा हात. त्यामुळे पहिला आठवडा नुसते हातमोजे शिकवले. रबराचे असतात, त्यांनी काहींच्या हाताला खाज सुटते. प्लास्टिकचे असतात, ते ढिले पडतात आणि त्यांना बारीक भोकं पडतात. आम्ही वापरतो ते नायट्राइलचे, निळे, पातळ, आत पावडर नसलेले, कारण पावडर म्हणजेही धूळच. माझा नंबर साडेसहा. मोठा घेतला तर बोटांच्या टोकाशी सुरकुत्या पडतात, लहान घेतला तर फाटतो. घालायची रीत अशी: कोपरापर्यंत साबण, मग स्पिरिट, ते वाळू द्यायचं, आणि मनगटाशी दुमडलेली कड तेवढी उघड्या हाताने धरायची. बाहेरच्या अंगाला उघडं बोट लागलं की तो मोजा बाद.

माझ्यासोबत शिकणाऱ्या एका मुलीची आजी अजून सोवळ्यात स्वयंपाक करते. तिला हे सगळं पहिल्याच दिवशी जमलं. म्हणाली, आमच्या घरी हेच चालतं, फक्त स्पिरिट नसतं. पण मामा, इथे तिचा हात माझ्याइतकाच विटाळाचा. मालक आले तर मालकांचाही. इतकी समता मी पुस्तकाबाहेर पहिल्यांदाच पाहिली.

आता मुद्द्याचं. सहा महिने शिकाऊ आहे. काम झाल्यावर मोजे घातलेली दहा बोटं एका जेलीच्या प्लेटवर दाबायची. ती प्लेट उबेत ठेवतात. बोटांवर काही जिवंत असेल तर चार-पाच दिवसांत ठिपका उगवतो. एकही ठिपका चालत नाही. तीन संधी मिळतात. तीनदा ठिपके आले की परत पाठवतात.

परत म्हणजे कुठे, ते तुम्हाला ठाऊक आहे. फुलसावंगीला बाबांनी पुसदचं स्थळ धरूनच ठेवलं आहे. तुम्ही त्यांना एप्रिलपर्यंतचा शब्द दिलात म्हणून मी इथे आहे. मुलाचं मंडप-डेकोरेशनचं दुकान आहे. मुलगा वाईट नसेल, पण मला माझा मांडव इतक्या स्वस्तात नको आहे.

तुमची उर्वशी


दारव्हा
९ नोव्हेंबर २००५

चिरंजीव उर्वशी,

चहा संपला, रागही संपला. पत्र दोनदा वाचलं, एकदा मनात आणि एकदा तुझ्या नलूमामीला मोठ्याने. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "म्हंजे पोरीले हात धुवाची नोकरी लागली." मी म्हणालो, हो, आणि त्यासाठी बी.एस्सी. व्हावं लागतं.

इकडे हंगाम लागला आहे. जिनिंगच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग आणि रांगेत सगळे गप्प. भाव असा पडला आहे की माणसं आपसात भांडतसुद्धा नाहीत. पाहणी करणारे पाहुणे मात्र दर आठवड्याला येतात. मूठभर कापूस उचलतात, फोटो काढून घेतात, मूठ खाली ठेवतात. कापसाला यंदा जितके हात लागले तितके मी अठरा वर्षांत पाहिले नाहीत.

तुझ्या साहेबांना सांग, हात घाण असेल तुमच्याकडे, आमच्याकडे हाच काटा आहे. चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत ओढायचा, तंतू सरळ करायचे आणि अंगठा तर्जनीवर फिरवायचा. धागा लांब की आखूड, मऊ की कच्चा, ते बोट सांगतं. बोटावरून प्रत ठरते आणि प्रतीवरून समोरच्या माणसाचा भाव. तू सात वर्षांची असताना माझ्याशेजारी बसून हे शिकलीस. पुढे शाळेत गणित अडलं की तुझा अंगठा तर्जनीवर फिरायला लागायचा. मास्तर मला म्हणाले होते, ही पोरगी उत्तर चाचपून काढते.

समतेचं लिहिलंस म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. मी ग्रेडर म्हणून नवा लागलो तेव्हा वाड्यावरचे बापूसाहेब आपला कापूस माझ्यासमोर वेगळ्या फडक्यावर टाकून म्हणायचे, हात न लावता सांगता येते का पाहा. मी हात न लावता सांगायचो: सगळ्यात खालची प्रत. दोन हंगाम त्यांनी सोवळं पाळलं. तिसऱ्या हंगामात माझं मनगट धरून माझा हात स्वतःच ढिगात खुपसला. धर्म बदलायला आपल्या लोकांना एक दिवस लागला, बापूसाहेबांना दोन हंगाम लागले.

एक काम कर. गाठींमध्ये केस, पोत्याच्या सुतळ्या, गुटख्याच्या पुड्या निघतात अशी मिलवाल्यांची तक्रार आहे. जिनिंगचे शेठ म्हणतात, स्वच्छता पाळा. तर तुझ्या त्या निळ्या मोज्यांच्या दोन-चार जोड्या जमल्या तर पाठव. ग्रेडरनेच पाळली तर बाकीचे पाळतील.

पुसदच्या मांडवाची काळजी करू नको. शब्द मी दिला आहे, ठिपके तू सांभाळ.

श्रावणमामा


हैदराबाद
१८ डिसेंबर २००५

मामा,

पहिली संधी गेली. तीन ठिपके. दोन उजव्या अंगठ्याचे, एक तर्जनीचा. बाकीची आठ बोटं कोरी.

त्या सोवळ्यातल्या मुलीचे पाच आले. ती ढसाढसा रडली. म्हणाली, आमच्या घरी कधी कुणी मोजलेच नव्हते. मला तिची दयाही आली आणि थोडं बरंही वाटलं. हे तुम्हालाच लिहिते, मामीला वाचून दाखवताना ही ओळ गाळा.

आमच्या प्रमुख गौहर मॅडम आहेत. पंचेचाळिशीच्या, कडक, काचेपलीकडे उभ्या राहून आम्हाला पाहतात आणि पापणीसुद्धा हलवत नाहीत. त्यांनी माझा मोजे घालायचा विधी पाच वेळा करून घेतला. पाचही वेळा चूक सापडली नाही. मग नंबर तपासला, तोही बरोबर. म्हणाल्या, दुसऱ्या वेळी पाहू. चूक सापडली असती तर बरं झालं असतं, मामा. चूक नसताना ठिपके कसे आले, या विचाराने मला जेवण जात नाही.

तुमचे मोजे या पत्रासोबतच्या पार्सलमध्ये आहेत. मुदत संपलेले होते, मॅडमच्या चिठ्ठीने बाहेर आणले. नंबर आठ. सूचना नीट वाचा. एकदा घालायचे आणि फेकायचे. ओले झाले, फाटले, दुसऱ्या कशाला लागले की बदलायचे. आणि मामीला हात जोडून सांगा, धुऊन दोरीवर वाळत घालू नका.

तुमची उर्वशी


दारव्हा
१५ जानेवारी २००६

चिरंजीव उर्वशी,

तुझ्या सूचना मामीला अक्षर न अक्षर वाचून दाखवल्या. तिने त्या शांतपणे ऐकल्या आणि मोजे धुऊन दोरीवर वाळत घातले. वीस निळे हात अंगणात लोंबकळत होते. शेजारची अतिया विचारायला आली की नलूबाई, कोणाले टाटा करून राह्यले हे. मामीचं म्हणणं असं की धडधाकट वस्तू एकदा वापरून फेकायला आपण काय इंजेक्शनचा कारखाना काढला आहे का.

वाळले की ती उलटे करून पुन्हा घालते. एका जोडीत तिने लाल मिरच्या निवडल्या, धुतल्या, उलटवल्या आणि माझ्या पिशवीत ठेवल्या. मला पत्ता नाही. मी ती घालून दिवसभर कापूस पाहिला, मोजे काढले आणि डोळे चोळले. पुढचा अर्धा तास माझ्या डोळ्यांतून धार लागली होती. समोर तांड्यावरचे हिरासिंग उभे होते. गेली बारा वर्षं त्यांचा कापूस मी पाहतो. माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहून ते मटकन खालीच बसले. म्हणाले, "भाऊ, येवढा खराब आहे का?" मी मिरचीचं सांगितलं, त्यांना पटलं नाही. शेवटी त्यांना वरची प्रत दिली तेव्हा उठले. त्यांच्या तांड्यावर आता अशी बातमी आहे की ग्रेडर कापूस पाहून रडला आणि मग पाझरला.

मोज्यांचा मुहूर्तच तसा होता. रांगेतल्या लोकांना ते आवडले नाहीत. कोणी म्हणे आमच्या कापसाची किळस येते का, कोणी म्हणे कापसात काही रोग आला असेल. वर्षभर राबून माल आणायचा आणि समोरच्याने मोजे चढवायचे, मलाही ते बरं वाटेना. खूश झाला तो एकच माणूस. बापूसाहेब. वय आता ऐंशीच्या घरात. काठी टेकत आले, माझ्या हातांकडे पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "आता कसं बेस झालं. आदीपासूनच असं पाह्यजे होतं."

उर्वशी, एवढ्या वर्षांत मी हंगामात कोणाशी वाद घातला नाही. तेव्हाही घातला नाही. मोजे काढले, घडी करून खिशात ठेवले, आणि त्यांच्या ढिगात दोन्ही हात कोपरापर्यंत घातले. शांतपणे सगळा ढीग खालीवर केला. प्रत मी रास्तच दिली. नोकरी ती नोकरी.

पण तुझ्या मोज्यांना नावं ठेवणार नाही. माल एक नंबर आहे. घातले काय, काढले काय, मला काहीच फरक वाटला नाही.

ठिपक्यांनी खचू नको. दोन संधी बाकी आहेत.

श्रावणमामा


हैदराबाद
२० फेब्रुवारी २००६

मामा,

दुसरीही गेली. दोन ठिपके. तोच अंगठा, तीच तर्जनी.

निकाल आला त्या दिवशी गौहर मॅडमनी मला आत कामाला लावलं आणि स्वतः तासभर काचेबाहेर उभ्या राहिल्या. मग मला बाहेर बोलावलं, दार लावून घेतलं आणि एकदम म्हणाल्या, "काय वं, बोटं काहून चोळून राह्यली तू?"

मामा, बाई पुसदच्या आहेत. वीस वर्षांत इथे कोणाला कळू दिलेलं नाही. लोकांपुढे इंग्रजीशिवाय बोलत नाहीत.

तर मी बोटं चोळते. बाटली सरकायची वाट पाहताना, यंत्र थांबलं की, काही विचार आला की, माझा अंगठा तर्जनीवर फिरतो. मला माहीतच नव्हतं. मॅडमनी तासाभरात बावन्न वेळा मोजला. त्यांना आधी वाटलं, मी साहेबांकडे चिरीमिरी मागते आहे. मग त्यांनी माझ्या मोज्यात पाणी भरून तो टांगला. सात-आठ मिनिटांनी अंगठ्याच्या टोकाशी एक थेंब आला, टाचणीच्या टोकाएवढा. चोळून चोळून मोजा तिथे झिजतो, भोक पडतं, आणि आतला घाम बाहेर येतो. एवढीशी वाट पुरते.

त्यांना मी सांगितलं की ही आमच्या घरची सवय आहे, मामा कापसाचे ग्रेडर आहेत, आणि परत गेले तर पुसदचं स्थळ वाट पाहतं आहे. त्या हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. म्हणाल्या, म्हणजे तू इंजेक्शनची प्रत पाहतेस. मग लगेच गंभीर झाल्या. तिसरी संधी वीस मार्चला आहे. त्यानंतर मी पुसदची असून तुला पुसदला जाण्यापासून वाचवू शकणार नाही, म्हणाल्या.

मी खूप प्रयत्न करते आहे. लक्ष ठेवलं की बोटं थांबतात, पण मग बाटल्यांवरचं लक्ष उडतं. रात्री भीती वाटते. इथे मला कोणी सांगत नाही की भाकरी थापायला शीक, हात मऊ ठेव. इथे माझं नाव एका वहीत माझ्या कामापुढे लिहिलेलं असतं. मला परत यायचं नाही, मामा. ही सवय तुम्ही लावलीत, तुम्हीच सोडवा.

एक गंमत. तुमचं ते वाक्य, घातले काय, काढले काय, मला काहीच फरक वाटला नाही, मी मॅडमना ऐकवलं. त्या म्हणाल्या, मोजे बनवणाऱ्या कंपनीने हे जाहिरातीत छापलं पाहिजे. तुमचा मला इतका अभिमान वाटला.

तुमची उर्वशी


दारव्हा
४ मार्च २००६

चिरंजीव उर्वशी,

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी मामीला ते वाचून दाखवलं नाही. तिने विचारलं तर सांगितलं की पोरगी मजेत आहे.

सवय मी लावली हे कबूल. उपाय सांगतो, तोही घरचाच आहे. बोटांना थांब म्हटलं तर ती थांबत नाहीत, त्यांना दुसरं काम द्यावं लागतं. लहानपणी विहारात वंदना लांबली की तू चुळबुळ करायचीस. तुझी आई तुझे हात जोडून द्यायची. जोडलेल्या हातात बोट बोटावर टेकलेलं असतं, फिरायला जागा नसते. काम नसेल तेव्हा तसे हात जोडून छातीशी धरून उभी राह. तुमच्या नियमात बसतं का, मॅडमना विचार. नाही बसलं तर सांग, दुसरं शोधू.

लोकांना वाटेल पोरगी यंत्राला नमस्कार करते. वाटू दे. या देशात यंत्राला नमस्कार करणाऱ्याला कोणी नोकरीवरून काढत नाही.

माझी म्हणशील तर ती चोळायची सवय यंदा आपोआपच सुटली. तुझीही सुटेल.

इकडे ठीक. रांग कमी झाली आहे. लोक मला हल्ली फार भला माणूस म्हणतात. हिरासिंग संक्रांतीचे तिळाचे लाडू परवा घेऊन आले, उशीर झाला म्हणून माफी मागून गेले. इतक्या वर्षांत मी एवढा लोकप्रिय कधी नव्हतो. शेठ मात्र तेवढे खूश नाहीत.

तुझ्या बाबांचा निरोप आला होता. एप्रिल जवळ आला, म्हणाले. मी म्हणालो, कॅलेंडर माझ्याकडेही आहे.

श्रावणमामा


हैदराबाद
२ एप्रिल २००६

मामा,

शून्य. दहाच्या दहा बोटं कोरी.

हात जोडून उभं राहणं नियमात बसलं, एवढंच नाही, तर नियमच तसा निघाला. मोजे घातलेले हात कमरेखाली न्यायचे नाहीत, काम नसताना छातीसमोर एकमेकांना टेकवून धरायचे, असं पुस्तकातच लिहिलेलं आहे. मी वाचलं होतं आणि विसरले होते. मॅडम म्हणाल्या, पुस्तकातलं तुला दारव्ह्याच्या पत्रातून कळावं लागलं. वीस तारखेला चार तास मी वंदनेला उभी असल्यासारखी उभी होते. सव्वीसला प्लेट उघडली. मॅडमनी ती उजेडाकडे धरून तीनदा पाहिली आणि इंग्रजीत अभिनंदन केलं, कारण सगळे समोर होते. पक्कं झाल्याचं पत्र काल मिळालं. बाबांना तारेने कळवलं आहे. पुसदचा मांडव त्यांनी दुसऱ्या कोणासाठी उभारावा.

आता यापुढचं मामीला वाचून दाखवू नका.

निकालाच्या आनंदात मी खोलीवरच्या मुलींना तुमची विद्या दाखवायला बसले. उशी उसवून कापूस काढला. म्हटलं, माझे मामा मोजे घालून प्रत सांगतात, पाहा. मोजा चढवला, चिमूट ओढली, अंगठा फिरवला. मला काहीच कळलं नाही. लांब की आखूड, मऊ की कच्चा, काही नाही. मोजा काढला, आणि लगेच सगळं कळलं.

मग तुमची सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. मोजे घातले काय, काढले काय, फरक वाटला नाही. मिरच्यांचा मोजा उलटा करून दिवसभर हातात होता, डोळ्यांची आग झाली, बोटांची नाही. चोळायची सवय आपोआप सुटली. मी प्रत्येक वाक्याला हसले होते. एक तर जाहिरातीला द्यायला निघाले होते.

मॅडमना विचारलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "मामाले म्हण, शुगर तपासा."

मामा, तुमच्या बोटांना कधीपासून काही कळत नाही? आणि ते कळत नसताना रांगेतल्या लोकांची प्रत तुम्ही कशावरून ठरवता? त्यांचं वर्ष तुमच्या चिमटीत असतं, हे तुम्हीच मला शिकवलं. माझ्यावर रागवा, पण खरं लिहा.

उर्वशी


दारव्हा
१४ एप्रिल २००६

चिरंजीव उर्वशी,

आज जयंती. सकाळी मिरवणुकीत जाऊन आलो, पेढे वाटले, अर्धे जयंतीचे आणि अर्धे तुझ्या शून्याचे. शून्याचे पेढे वाटणारा दारव्ह्यात मी पहिलाच. मग दार लावून हे लिहायला बसलो आहे.

दिवाळीपासून. त्याआधी पावसाळ्यातच पायांचं झालं होतं, चप्पल पायातून निघून मागे राहायची आणि मी पुढे जायचो. मग बोटं. एकदा चुलीवरचं चहाचं पातेलं मी उघड्या हाताने उतरवलं. मामी ओरडली तेव्हा मला कळलं. मोठे फोड आले होते. मोजे मी स्वच्छतेसाठी मागितले नव्हते, उर्वशी. ते फोड शेठला दिसू नयेत म्हणून मागितले होते. तू मुदत संपलेले मोजे पाठवलेस आणि मुदत संपलेल्या हातांनी ते घातले. तुला लिहिलं नाही, कारण तू डोक्यात हे घेऊन त्या प्लेटवर बोटं दाबली असतीस तर दहाही ठिपके माझेच असते.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना मान खाली जाते. बोटांना कळेना तेव्हा मी डोळ्यांनी पाहायला लागलो, आणि शंका आली की वरची प्रत द्यायला लागलो. लोक मला भला माणूस का म्हणत होते ते आता तुला कळलं असेल. माणूस आंधळा झाला की उदार होतो, असा माझ्यापुरता अनुभव आहे. पण सगळ्याच वेळी डोळ्यांना शंका आली असेल असं नाही. खात्रीने चुकलोही असेन, आणि एखाद्याचा चांगला माल खाली घातला असेल. तो कोण, ते मला कधीच कळणार नाही. हे माझ्या मनातून जात नाही.

मिरचीच्या दिवशी माझी मलाच लाज वाटली. घरी येऊन कापसाची चिमूट घेऊन बसलो. बोटं गप्प. चिडून ती तोंडाजवळ नेली, फेकणारच होतो, तर ओठाला लागली. आणि ओठाने सगळं सांगितलं. मऊपणा, कच्चेपणा, सगळं. दुसऱ्या दिवशी मामीच्या काळ्या साडीचा तुकडा नेला. तंतू त्यावर पसरून लांबी डोळ्याने पाहायची आणि बाकीचं ओठाने. तेव्हापासून मी असाच पाहतो. लोकांना वाटतं ही नवीन पद्धत आहे. पाहणीला आलेल्या एका पाहुण्याने तर माझा तसा फोटो काढला.

तुझं पत्र आल्यावर शेठकडे जाऊन सगळं सांगितलं. नोकरी गेली तरी चालेल असं ठरवून गेलो होतो. त्यांनी वही काढली आणि म्हणाले, दिवाळी ते संक्रांत माझा बराच तोटा केलास, पण फेब्रुवारीपासून मिलची एकही तक्रार नाही. हंगाम संपेपर्यंत राहा, पुढच्या वर्षी प्रत पाहायचं यंत्र येणार आहे. यवतमाळला जाऊन तपासूनही आलो. शुगर साडेतीनशे. गोळ्या सुरू आहेत, आजचे पेढे फक्त वाटले.

आता तुझ्यासाठी राखून ठेवलेलं सांगतो. परवा बापूसाहेब हंगामातला शेवटचा कापूस घेऊन आले. माझ्या हातांकडे पाहून म्हणाले, "मोजे नाही घातले?" मी म्हणालो, नाही. ढिगातून चिमूट उचलली, डोळे मिटले आणि ओठाला लावली. रांग बघत होती. म्हातारा काठी धरून ताठ उभा राहिला. मला वाटलं, आता काठी उगारतो. मी चिठ्ठीवर प्रत लिहून दिली. वरची होती, कारण माल खरंच वरचा होता. त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन वाचली, एकदा मागच्या लोकांकडे पाहिलं, आणि जरा जवळ सरकून हळूच म्हणाले, "दुसऱ्या गाडीतलाबी तोंडानंच पाहाजो."

पाहिला. तीही वरचीच निघाली.

तुझ्या त्या जेलीवर माझा ओठ दाबला तर किती ठिपके उगवतील, ते गौहर मॅडमना विचारून कळव. जितके सांगतील तितके बापूसाहेबांच्या कापसातून मिलला गेले आहेत, आणि मिलची अजून तक्रार नाही.

श्रावणमामा